शिडी पन्हळीवर नको, मग टेकवायची कुठे?

तुमच्या प्रश्नात दोन खुणांचा उल्लेख आहे. पन्हळीच्या काठाला पडलेला पोचा, आणि त्याच्या शेजारी वीतभर लांबीचा आडवा ओरखडा. तुम्ही विचारलंय ते पोच्याबद्दल. वळचण १३ फुटांवर, पन्हळ ॲल्युमिनियमची, पालापाचोळा काढायला वर्षातून दोनदा चढावं लागतं, शिडी टेकवली की काठ आत दबतो, शिडीच्या टोकांना कापड गुंडाळून पाहिलं तरी तेच. मग शिडी टेकवायची कुठे, आणि पडलेल्या पोच्याचं काय करायचं? मला मात्र ओरखड्याची जास्त काळजी वाटली. पोचा पडतो तो शिडी टेकल्याने. आडवा ओरखडा उठतो तो शिडी सरकल्याने, आणि ती सरकली तेव्हा बहुधा तुम्ही तिच्यावर उभे होतात.

पन्हळी बसवणं आणि दुरुस्त करणं हेच काम मी २५ वर्षं करतोय. एखादं जुनं घर बघायला गेलो की आत जाण्याआधी खालूनच पन्हळीचा काठ बघत एक फेरी मारतो. शिडी नेहमी कुठे लागते, कुठे तिची जागा न बदलता लांबवर हात ताणून काम उरकलंय, हे सगळं त्या काठावर उमटलेलं असतं. पन्हळीचं नुकसान आणि माणसाचं पडणं हे दोन वेगळे विषय आहेत असं लोकांना वाटतं. माझ्या अनुभवात दोन्हींचं कारण एकच असतं: ज्या वस्तूला आधार म्हणून बनवलेलंच नाही, तिच्यावर आपण भार टाकतो.

पन्हळ म्हणजे असतं काय? जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा वाकवून केलेली नळी, वरून उघडी. तो पत्रा दर दोन-तीन फुटांवर एका ब्रॅकेटने वळचणीच्या फळीला धरलेला असतो. त्याला पाण्याचं वजन पेलायचं असतं, म्हणजे भार वरून खाली. हे वजनही थोडं नसतं. १२ सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर खोल पन्हळ तुंबून काठोकाठ भरली, तर दर मीटरला साडेनऊ लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे तितकेच किलो. दहा मीटरच्या पन्हळीवर एक धडधाकट माणूस आडवा झोपल्यासारखं. ब्रॅकेट तेवढं सोसतात, कारण ते त्यासाठीच बसवलेले असतात. पण समोरून घराच्या दिशेने रेटा आला, तर त्याला तोंड द्यायला फक्त तो दुमडलेला काठ असतो. दोन ब्रॅकेटच्या मधोमध शिडी लागली की काठ हमखास आत येतो.

प्लास्टिकच्या पन्हळीचं दुखणं वेगळं. ती दबते आणि परत फुलते, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं. पण काही वर्षं ऊन खाल्लेलं पीव्हीसी ठिसूळ होतं, आणि थंडीच्या सकाळी तर ते टचकन तडकतं. जोडाजवळ शिडी टेकवली तर आतली रबरी पट्टी जागची हलते आणि गळती सुरू होते ती दोन महिन्यांनी लक्षात येते. जुन्या ओतीव लोखंडाच्या पन्हळी दिसायला दणकट असतात, त्यामुळे लोक बिनधास्त शिडी टेकवतात. तिथे पन्हळ टिकते, पण तिला धरून ठेवणारे गंजलेले स्क्रू दगा देतात. एवढ्या वजनाची पन्हळ माणसासकट खाली येणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आता रेट्याचा हिशेब बघा, म्हणजे कोनाला इतकं महत्त्व का देतात ते कळेल. तुमचं वजन ८० किलो, शिडीचं १५, आणि तुम्ही जवळजवळ वर पोचला आहात असं धरा. शिडीचा पाया भिंतीपासून योग्य अंतरावर असेल, म्हणजे चार फूट उंचीला एक फूट बाहेर, तर वरच्या टोकाचा आडवा रेटा साधारण १९ किलो येतो. तीच शिडी भिंत दूर पडते म्हणून ६० अंशांत लावली, तर तो ४४ किलोच्या घरात जातो. माणूस तोच, शिडी तीच, पण रेटा दुपटीहून जास्त. हा रेटा पन्हळीच्या काठावर दोनच ठिकाणी, दोन-तीन सेंटिमीटर रुंदीवर येतो. शिडी घसरू नये म्हणून तिला आणखी तिरकी करणारे खूप भेटतात. तसं केल्याने पाया सुटायची भीती वाढतेच, शिवाय पन्हळही चेपते. उलट अगदी उभी लावली तर पन्हळीला आराम, पण मागे कलंडायला तुमचं थोडं मागे झुकणं पुरतं.

कोन मोजायला काही लागत नाही. शिडीच्या पायाला बूट टेकवून सरळ उभे राहा आणि हात खांद्याच्या रेषेत समोर पसरा. तळवे समोरच्या पायरीवर अलगद पोचले तर कोन ७५ अंशांच्या आसपास आहे. कोपर वाकवावं लागलं तर शिडी फार उभी आहे, आणि पुढे झुकावं लागलं तर फार तिरकी. फोनमध्ये कोन दाखवणारं ॲप असेल तर तेही चालेल. तुमच्या १३ फुटांच्या वळचणीला पाया सव्वातीन फूट बाहेर यायला हवा. हे अंतर शिडी जिथे टेकते त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून मोजा. वळचण दोन फूट पुढे आलेली असेल तर भिंतीपासून मोजलेलं अंतर फसवतं.

कापड गुंडाळण्याबद्दल. कापडाने रंग वाचतो, आकार वाचत नाही. रेटा तेवढाच राहतो. शिवाय रंगवलेल्या पत्र्यावर कापड रबरापेक्षा जास्त घसरतं, दव पडलेलं असेल तर आणखीच. तुमचा तो ओरखडा कापड लावल्यानंतरचा आहे का, जरा आठवून बघा. टोकांना लावायचंच असेल तर जाड रबराच्या टोप्या लावा.

आता मूळ प्रश्न. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे शिडी न लावणं, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. १३ फुटांपर्यंतच्या पन्हळीतला सुका पाला लांब दांड्याच्या खोऱ्याने, बाकदार नळी लावलेल्या व्हॅक्यूमने किंवा पाण्याच्या पाइपाला लावायच्या आकड्यासारख्या नळीने जमिनीवरून निघतो. आत काय आहे ते दांड्याला फोन बांधून बघता येतं. चिखल होऊन घट्ट बसलेला थर मात्र असा निघत नाही आणि ढिला ब्रॅकेट खालून आवळता येत नाही. त्यामुळे शिडी पूर्ण सुटत नाही, पण वर्षातल्या दोन खेपांची एक होते.

चढायचंच असेल तर शिडीच्या वरच्या टोकाला बसवायची कमान घ्या. बाजारात तिला स्टँडऑफ म्हणतात, कुणी स्टॅबिलायझर म्हणतं. ॲल्युमिनियमची, रुंद यू आकाराची, टोकांना रबरी पाय. तिच्यामुळे शिडी भिंतीपासून किंवा छताच्या कडेपासून फूटभर दूर राहते आणि पन्हळीला शिवत नाही. पण मला तिचं खरं मोल तिच्या रुंदीत वाटतं. नुसत्या शिडीचे दोन टेकू दीड फुटाच्या अंतरावर असतात. कमान लावली की ते तीन-चार फुटांवर जातात. उजवीकडे थोडं जास्त झुकलात तरी शिडी फिरत नाही. तुमचा पोचा आणि ओरखडा, दोन्हींवरचं औषध या एका वस्तूत आहे.

तिच्यात दोन प्रकार आहेत, आणि चुकीचा घेऊन आलेले लोक मी बरेच पाहिलेत. एक भिंतीवर टेकतो, दुसरा पन्हळीवरून पलीकडे जाऊन छतावर टेकतो. वळचण भिंतीच्या जेमतेम पुढे असेल तर भिंतीवरचा प्रकार सुरेख चालतो. पण वळचण दीड-दोन फूट पुढे आलेली असेल तर कमान भिंतीला लागण्याआधीच शिडी पन्हळीला लागते, किंवा शिडी वळचणीखालीच संपवावी लागते आणि मग पन्हळ डोक्याच्या वर राहते. अशा घराला छतावर टेकणारा प्रकारच हवा. विकत घेण्याआधी भिंतीपासून पन्हळीच्या बाहेरच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. कमान तुमच्याच शिडीच्या पायऱ्यांना बसते का, हेही बघा. गोल पायरीची पकड चपट्या पायरीवर नीट आवळत नाही, आणि अर्धवट आवळलेली कमान असण्यापेक्षा नसलेली बरी.

ती छतावर कुठे टेकते तेही पाहिलं पाहिजे. कौलांवर थेट टेकवली तर कौल फुटतं. दोन-तीन कौलांवर भार पसरेल अशी फळी, खाली फोमची पट्टी लावून ठेवावी लागते, आणि ती फळीसुद्धा निसटणार नाही अशी बांधावी लागते. नागमोडी पत्र्याच्या छतावर स्क्रूंची रांग दिसते, तिच्याखाली आडवं लाकूड किंवा लोखंड असतं. रबरी पाय त्या रांगेवर यावेत, नाहीतर पत्रा दबतो. शेवाळलेल्या किंवा ओल्या छतावर रबराची पकड भरवशाची राहत नाही, तिथे थांबा. भिंतीवर टेकवताना खिडकीची काच टाळायची हे सगळ्यांना कळतं. पण हल्ली उष्णता रोखायला भिंतीवर मऊ थर लावून वरून पातळ गिलावा करतात. तो बोटाने ठोकून बघा. पोकळ, मऊ आवाज आला तर रबरी पाय तिथे खड्डे पाडतील.

लांबीचा हिशेबही आधी करा. दोन भागांची १६ फुटी सरकती शिडी प्रत्यक्षात १३ फुटांच्या आसपासच वापरता येते, कारण दोन्ही भाग एकमेकांवर ३ फूट चढलेले राहायला हवेत. वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, हा नियम धरला तर तुमच्या उंचीला ती कमी पडते. २० फुटी घ्या. शिडीवरची चिठ्ठीही वाचा. युरोपीय मानकाच्या शिडीवर १५० किलोची मर्यादा असते. अमेरिकी पद्धतीच्या शिड्यांत सगळ्यात हलक्या घरगुती वर्गाची मर्यादा फक्त ९० किलो असते, आणि त्यात तुमच्याबरोबर कपडे, अवजारं आणि ओल्या पाल्याची बादलीही मोजायची असते.

कमान हाताशी नाही आणि आजच एकदा चढायचंय, तर जुन्या कारागिरांची एक युक्ती आहे. पन्हळीच्या आतल्या रुंदीइतका जाड लाकडाचा ठोकळा घ्यायचा, लांबी दोन फूट, म्हणजे शिडीच्या दोन्ही बाजू त्याच्यासमोर येतात. तो पन्हळीत असा बसवायचा की पुढचा काठ आणि मागची फळी यांच्यात तो घट्ट राहील. मग रेटा काठावर न थांबता ठोकळ्यातून मागच्या फळीत जातो. ठोकळा ब्रॅकेटच्या शेजारी ठेवायचा, मधोमध नाही. मी स्वतः ही युक्ती वापरलेली आहे आणि धातूची पन्हळ, मागे सुदृढ लाकडी फळी, या परिस्थितीत ती काम करते. प्लास्टिकच्या पन्हळीत नको. मागची फळी कुजलेली असेल तरीही नको. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सहज आत शिरलं तर ती कुजलेली समजा. जुन्या पद्धतीच्या, लांब खिळ्यांवर टांगलेल्या पन्हळीतही नको, कारण प्रत्येक रेट्याबरोबर खिळा आत-बाहेर होतो, त्याचं भोक मोठं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात पन्हळ तोंड खाली घालते.

ठोकळ्याने पोचा टळतो, सरकणं टळत नाही. म्हणून शिडीचं डोकं बांधावं लागतं. वळचणीच्या फळीत, जिथे मागे वासा आहे तिथे, कडीचा स्क्रू कायमचा बसवून ठेवा, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि शिडीची बाजू दोन्हींना दोरीने ताणून बांधा. पन्हळीच्या ब्रॅकेटला दोरी बांधलेली मी पाहिली आहे. शिडी घसरली तर ब्रॅकेटही तिच्याबरोबर जाईल, एवढंच त्यातून साधतं. पहिल्यांदा वर जाऊन बांधेपर्यंत काय, असा प्रश्न येतो. तेवढा वेळ खाली दुसऱ्या माणसाने शिडी धरायची. पण त्याच्यावर फार विसंबू नका. खाली पायरीवर पाय देऊन उभा असलेला माणूस पाया सरकू देत नाही; वरचं टोक आडवं निघालं तर तो ते थांबवू शकत नाही.

आता खालच्या बाजूकडे. लोक एक गोष्ट विसरतात: पन्हळीखालचीच जमीन घराभोवती सगळ्यात वाईट असते. पन्हळ तुंबली म्हणून तुम्ही चढताय, म्हणजे गेला पावसाळाभर तिच्यावरून पाणी सांडून खालची माती भुसभुशीत झालेली असणार. वरून सुकी दिसते, शिडीवर वजन आलं की एक पाय दोन इंच खाली जातो. खालचे दोन इंच म्हणजे १३ फुटांवर शिडीचं टोक जवळजवळ दीड फूट बाजूला. माझ्या मते काठावरच्या निम्म्या ओरखड्यांचा उगम या मातीत असतो. दोन्ही पायांखाली मिळून एकच रुंद, जाड फळी टाका. उतार असेल तर खालच्या पायाला विटा रचू नका. वरच्या बाजूची माती खणून जागा सपाट करा, किंवा पायाची उंची कमी-जास्त करता येणारा जोड घ्या. मग पहिल्या पायरीवर चढून दोनदा दणका द्या, उतरून पायाखाली बघा, आणि मगच वर जा. फरशी असेल तर शेवाळ घासून काढा. शिडीच्या बुटांचं रबर गुळगुळीत झालं असेल तर ते बदलून घ्या, ते सुटं मिळतं.

शिडी उभी करण्याआधी मान वर करून तारा शोधा. घरात येणारी विजेची तार बहुतेक वेळा वळचणीजवळूनच येते. शिडी, तुम्ही आणि हातातलं अवजार, सगळं तारेपासून १० फूट दूर राहिलं पाहिजे, आणि शिडी उभी करताना ती भलतीकडे झुकू शकते हे धरून. ॲल्युमिनियमची शिडी तारेजवळ नकोच. फायबरची चालते, पण ती कोरडी आणि स्वच्छ असेल तरच. ओल्या लाकडी शिडीतूनही वीज वाहते.

पोच्यांबद्दल आणखी एक निरीक्षण. निम्मे पोचे चढताना पडतच नाहीत, ते शिडी लावताना आणि हलवताना पडतात. शिडी उभी करताना तिचं डोकं पन्हळीवर आदळतं. चार फूट पुढे न्यायची असली की लोक डोकं काठावर ठेवूनच पाय सरकवतात, आणि रंग खरवडत जातो. शिडी भिंतीपासून दूर उभी करा, सरकता भाग दोरीने वर घ्या, दोन्ही बाजूंची खटकी पायरीत बसल्याचा आवाज ऐका, मग तोल सांभाळत पुढे येऊन अलगद टेकवा. पुढच्या जागी न्यायची असेल तर आधी डोकं पूर्ण सोडवा. जड वाटत असेल तर दुसरा माणूस बोलवा किंवा उंची कमी करून न्या. वारा असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी करा. उभी केलेली शिडी वाऱ्यात हाताबाहेर जाते.

वर गेल्यावर बेंबी शिडीच्या दोन बाजूंच्या मध्ये ठेवायची. हा नियम सगळ्या कामगारांना तोंडपाठ असतो, आणि शेवटची मूठभर पानं हाताला लागेनात की सगळे तोच मोडतात, मी धरून. एका जागेवरून दोन्हीकडे मिळून चार फुटांपेक्षा जास्त काम होत नाही. ४० फुटांच्या पन्हळीला शिडी दहा-बारा वेळा हलवावी लागते. वेळ त्यातच जातो, सफाईत नाही. हे मान्य करून सुरुवात केली की लांब हात करायचा मोह कमी होतो. चढता-उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव कायम शिडीला लागलेले हवेत. म्हणून हातात काही घेऊन चढू नका. बादली दोरीने वर ओढा आणि आकड्याने शिडीच्या पायरीला अडकवा, पन्हळीला नाही. पन्हळीच्या काठाला हाताने धरून तोल सावरायचीही सवय लावून घेऊ नका. तो हात धरण्याजोगा आधार नाही.

खोरं प्लास्टिकचं घ्या. लोखंडी थापीने आतला रंगाचा थर निघतो आणि जोडावरचं सीलंट कापलं जातं, मग गळती कुठून आली ते शोधत बसावं लागतं. उभ्या पाइपाच्या तोंडापासून सुरुवात करून त्याच्यापासून लांब जात राहा, म्हणजे कचरा पाइपात लोटला जात नाही. पाला किंचित ओलसर असताना काढला तर ढेकळासारखा निघतो. अगदी सुका असला तर धूळ डोळ्यांत जाते आणि शिडीवर डोळे चोळण्याची वेळ येते. हातमोजे घालाच, पत्र्याच्या कडा आणि स्क्रूची टोकं आत लपलेली असतात. आणि चढण्याआधी खालून दांड्याने पन्हळीला दोन-तीनदा ठोकून थोडा वेळ थांबा. गांधीलमाश्यांचं घर असेल तर ते जमिनीवर असताना कळलेलं बरं. शिडीवर माणूस दचकला की नकळत दोन्ही हात सोडतो.

छतावर पाय ठेवायचा का? पन्हळीच्या सफाईसाठी माझं उत्तर नाही असंच आहे. छतावर उतरायचं तर शिडी कडेच्या वर ३ फूट जायला हवी, म्हणजे धरायला काहीतरी राहतं, आणि ती वर बांधलेलीच हवी. चढणं सोपं असतं. परत येताना पाठमोरं होऊन, दिसत नसलेल्या पायरीवर पाय टाकताना शिडीला आडवा धक्का बसतो. कामाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी याच क्षणाला फसलो. डोकं बांधलेलं नव्हतं, कमान नव्हती, शिडी गुळगुळीत नव्या पन्हळीवर टेकलेली. पाय टाकला आणि ती हातभर सरकली. एका ब्रॅकेटच्या डोक्याला अडकून थांबली म्हणून मी हे लिहितोय. त्या पन्हळीचा सहा फुटांचा तुकडा माझ्या खर्चाने बदलून दिला, आणि तेव्हापासून न बांधलेल्या शिडीवरून छतावर उतरलेलो नाही.

वळचण आठ-नऊ फुटांवर असेल अशा बाजूला घोडी वापरा. ती कशावरच टेकत नाही, त्यामुळे पन्हळीचा प्रश्नच मिटतो. मात्र तिला कडक, सपाट जमीन लागते, मधले आडवे दांडे पूर्ण उघडून बसलेले लागतात, आणि तिचं तोंड पन्हळीकडे हवं, कारण बाजूने रेटा आला तर ती पटकन उलटते. माथ्यावर आणि त्याखालच्या पायरीवर उभं राहू नका. घडी करून भिंतीला टेकवून तर अजिबात वापरू नका. तिचे पाय त्या कोनासाठी कापलेले नसतात. उलट, दोन मजल्यांच्या वरचं काम असेल, किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, गुंगी आणणारी औषधं चालू असतील, तर परांची बांधून काम करणाऱ्यांना बोलवा.

शेवटी तुमचा पोचा. हा दुरुस्त होतो. आतून लाकडाचा गुळगुळीत ठोकळा धरा आणि बाहेरून नाही, आतूनच रबरी हातोडीने ठोकळ्यावर हलके ठोके देत काठ बाहेर आणा, पोच्याच्या कडांपासून मध्याकडे. दुमडलेला काठ चेपला असेल तर पकडीच्या दोन्ही जबड्यांना कापड गुंडाळून तो हळूहळू उघडा. एका झटक्यात उघडू नका, ॲल्युमिनियम एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की चिरतं. जस्त चढवलेला लोखंडी पत्रा असता तर ओरखड्यावर लगेच गंजरोधक रंग लावा म्हणालो असतो. ॲल्युमिनियमला तांबेरा येत नाही, त्यामुळे तिथे रंग फक्त दिसण्यापुरता.

मग पोच्याच्या दोन्हीकडचे ब्रॅकेट हाताने हलवून बघा. शिडीचा रेटा काठावर बसला तरी ढिलं होतं ते मागचं. स्क्रू नुसताच फिरत असेल तर त्याच भोकात मोठा स्क्रू कोंबण्यापेक्षा ब्रॅकेट दोन इंच सरकवून ताज्या लाकडात घ्या, आणि जुनं भोक सीलंटने बंद करा. पोच्याच्या जागी मध्ये आणखी एक ब्रॅकेट बसवला तर उत्तमच. पन्हळीला दर १० फुटांना पाव इंच तरी उतार हवा. तो शाबूत आहे का हे बघायला उभ्या पाइपापासून लांबच्या टोकाला पन्हळीत एक बादली पाणी सोडा आणि दहा मिनिटांनी बघा. पोच्याच्या जागी डबकं राहिलं असेल तर तिथली पन्हळ खाली गेलेली आहे, आणि तो ब्रॅकेट थोडा वर घ्यावा लागेल.